भागासाठी काहीही

रविवारी संध्याकाळी मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं, की नोएला लोटेन्स इस्त्री तापवायला ठेवायची. टीव्हीकडे पाठ, तोंड खिडकीकडे. खिडकीबाहेर ऑस्टेंडचा समुद्र असायचा, आणि समुद्र दिसत नसेल तेव्हा धुकं. मालिकेपेक्षा धुकं बरं, असं तिनं कधी बोलून दाखवलं नाही. मालिका तिच्या नवऱ्यानं लिहिलेली होती.

फिरमिन सोफ्यावर बसून टीव्हीऐवजी तिच्या पाठीकडे बघत राहायचा. एकोणीस वर्षांपूर्वी 'दोन नंबर मोठा' ही मालिका नवी होती, तेव्हा ही पाठ हसून हसून गदगदायची. आता ती फक्त कॉलर करताना हलायची.

मालिका बुटांच्या दुकानाची होती. लहानशा गावातला मार्सेल नावाचा दुकानदार, त्याची बायको, मुलगी आणि दुकानात येणारी एकेक नमुनेदार गिऱ्हाइकं. पहिल्या वर्षी मार्सेल जरासा चिकट होता. पाचव्या वर्षी तो कॉफीचा चोथा वाळवून पुन्हा वापरू लागला. दहाव्या वर्षी त्यानं सासऱ्याच्या पायातले बूट दफनाआधी उतरवून घेतले आणि दुकानाच्या काचेत मांडले. गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवताना तो "बसतो का बघा" म्हणायचा. लोकांना ते आवडलं. म्हणून तो ते जेवताना म्हणू लागला, मग लग्नात, मग इस्पितळात, आणि त्याच सासऱ्याच्या शवपेटीचं झाकण लावतानाही तो तेच म्हणाला. तेव्हा फिरमिनच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली होती. पण तोवर त्या वाक्याचे टीशर्ट बाजारात आले होते.

पुढे मार्सेलच्या मुलीची तीन लग्नं झाली. अर्जेंटिनाहून एक हरवलेला जुळा भाऊ आला आणि कुणी काही विचारायच्या आत परत गेला. प्रेक्षक घटू लागले तेव्हा एक बाळ आणलं. बाळ गोड होतं. पण मालिका इतकी चालली की बाळाला मिसरूड फुटलं. बूट मात्र गेल्या चार वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं विकत घेतला नव्हता.

त्या रविवारी नोएला अचानक हसली. खळखळून. फिरमिननं चमकून टीव्हीकडे पाहिलं. कवळी चिकटवायच्या मलमाची जाहिरात लागली होती.

"काय झालं गं?"

"काही नाही रे. तो म्हातारा सफरचंद कसं चावतो ते बघ."

"आणि भाग?"

"छान होता."

"काय छान होतं?"

नोएलानं बाही उलटी केली, तिच्यावर पाणी शिंपडलं आणि विचार करून म्हणाली, "लवकर संपला."

दुसऱ्या दिवशी फिरमिनला वाहिनीच्या कचेरीत ब्रसेल्सला बोलावणं आलं. निर्माती आनेलोर मालिकेच्या पहिल्या भागाच्या वेळी शाळेत होती, आणि हे ती दर बैठकीत एकदा तरी सांगायची. आज तिनं ते सांगितलं नाही, तेव्हाच फिरमिननं ओळखलं की काहीतरी गंभीर आहे.

"फिरमिन, लोक बघतात," ती म्हणाली. "बघत नाहीत असं नाही. पण दुसरं काहीतरी करता करता बघतात."

"म्हणजे काय करता करता?"

"आम्ही पाहणी केली ना. बटाटे सोलणं पहिलं आलं. इस्त्री दुसरी."

फिरमिननं नकळत आपल्या शर्टाची कडक बाही चाचपली.

"या मोसमाचे सहा भाग उरलेत. त्यांत जीव आला तर आला. नाहीतर उन्हाळ्यात बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. निरोपाचा केक आणू. मी स्वतः आणीन."

फिरमिन बासष्ट वर्षांचा होता. पेन्शन फार लांब नव्हती. पोटाची काळजी नव्हती. पण परतीच्या गाडीत बसल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे सारखं एकच चित्र येऊ लागलं. बेकरीत, पोस्टात, समुद्रकाठच्या बाकांवर लोक एकमेकांना मालिका बंद झाल्याची बातमी सांगताहेत, आणि ऐकणारा प्रत्येकजण म्हणतोय, "बरं झालं."

तो राहायचा ती सात मजली इमारत समुद्रासमोर होती. बहुतेक रहिवासी निवृत्त झालेले, आणि लिफ्टही निवृत्तीला आलेली. फिरमिन लिफ्टमध्ये शिरला तेव्हा आत दोघंजण होते. पाचव्या मजल्यावरचा ओडील, जो जन्मभर डोव्हरला जाणाऱ्या बोटीवर स्वयंपाकी होता, आणि सातव्या मजल्यावरच्या मॅडम झुल्मा, पूर्वी ज्यांचं टोप्यांचं दुकान होतं. मॅडमच्या कडेवर 'कॅप्टन' नावाचा त्यांचा कुत्रा होता आणि दुसऱ्या हातात बेकरीचं खोकं. लिफ्ट दुसरा मजला ओलांडून जरा वर गेली, कण्हली आणि थांबली.

"कुणीतरी जड आहे," मॅडम झुल्मा म्हणाल्या.

"इथं लिहिलंय, चार माणसं, तीनशे किलो," ओडीलनं पाटी वाचली. "आपण तर तिघंच."

"माणसं मोजता येतात हो मला. मी किलोंचं विचारतेय."

"मी पंच्याऐंशी."

"कधीचे?"

"बोटीवर होतो तेव्हाचे."

"मग तुम्ही उतरलात तेव्हा बोट किती वर आली?"

फिरमिनला हसू आलं. ते त्यानं खोकल्यात लपवलं.

"आणि तुमचं वजन, मॅडम?" ओडीलनं विचारलं.

"बाईमाणसाला वजन विचारू नये."

"मी नाही, लिफ्ट विचारतेय. आणि कुत्र्याचं धरलंत का?"

"तो कडेवर आहे. त्याचं वेगळं कशाला धरायचं?"

फिरमिननं धोक्याचं बटण दाबलं. दूर कुठंतरी घंटा वाजली आणि तिलाच कंटाळा येऊन थांबली. ओडील भिंतीला टेकला.

"आमच्या बोटीवर असं कधी झालं नाही."

"बोटीला लिफ्ट होती?"

"नव्हती. म्हणून तर."

तासाभरानं ओडीलचं लक्ष खोक्याकडे गेलं. त्यात दूधभाताचा टार्ट होता, ब्रुजला राहणाऱ्या बहिणीसाठी. बहीण ब्रुजला असताना टार्ट सातव्या मजल्यावर कशाला चाललाय, असं ओडीलनं विचारलं. "चाखून बघायला," मॅडम म्हणाल्या, "तिला काहीही कसं देऊ?" मग सगळ्यांनीच चाखून बघायचं ठरलं. चमचा नव्हता. फिरमिनच्या खिशात बूट चढवायची प्लास्टिकची पट्टी होती, मालिकेच्या जाहिरातीसाठी वाटलेली. तिनं टार्ट छान कापला गेला. मेकॅनिक येऊन दार उघडेपर्यंत बहिणीच्या वाट्याला फक्त खोकं उरलं होतं.

फिरमिन घरी जाऊन कोटही न काढता लिहायला बसला. त्यात त्यानं आपल्या पदरचं फारसं काही घातलं नाही. सातव्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाला बूट पोचवायला मार्सेल निघतो आणि लिफ्टमध्ये अडकतो, एवढंच. स्टुडिओत चित्रीकरण झालं तेव्हा प्रेक्षक इतके हसले की मार्सेलचं काम करणारा नट बावरला. हसू आपोआप येतं याची त्याला सवयच राहिली नव्हती.

रविवारी नोएला नेहमीसारखी पाठ करून उभी राहिली. वजनाची चर्चा सुरू झाली तशी ती अर्धी वळली. बोट वर आली तेव्हा पूर्ण वळली. मग तिनं डोळे पुसले, टेबलाचा आधार घेतला, आणि खोलीत जळका वास सुटला. फिरमिनच्या निळ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं होतं.

"अरे देवा, तुझा शर्ट!"

"मरू दे तो शर्ट! कुठं हसलीस? नक्की कुठल्या वाक्याला?"

गेल्या कित्येक वर्षांत फिरमिनला असा आनंद झाला नव्हता. तो आनंद सोमवारी सकाळी दाराची घंटा वाजेपर्यंत टिकला. दारात ओडील आणि मॅडम झुल्मा उभे होते. शेजाऱ्यांचं बोलणं जसंच्या तसं उचलून सगळ्या देशाला दाखवलं होतं, आणि त्यांना विचारलंही नव्हतं. फिरमिननं माफीची वाक्यं मनात जुळवून ठेवली होती, ती त्यानं घाईघाईनं सुरू केली.

"ते राहू दे," ओडील म्हणाला. "मी आणखी एक बोललो होतो. ते कुठं गेलं?"

"कोणतं?"

"तुम्ही दोघं हसला नव्हतात ते."

"ती बाई म्हणजे मी का?" मॅडम झुल्मांनी विचारलं.

"नाही, म्हणजे तसं काल्पनिक..."

"तिला तपकिरी कोट घातलात. मी मेले तरी तपकिरी घालणार नाही. पुढच्या वेळी जांभळा घाला."

"पुढच्या वेळी?" फिरमिन म्हणाला.

तेवढ्यात आत फोन वाजला. आनेलोर होती. ती ओरडत होती, "लिफ्ट! फिरमिन, लिफ्ट!" वरिष्ठांना उरलेल्या प्रत्येक भागात लिफ्ट हवी होती.

"बुटांचं दुकान एकमजली आहे, आनेलोर."

"मग गिऱ्हाइकांना वरती राहायला पाठव!"

असं झाल्यावर मालिकेतल्या गावातला प्रत्येक माणूस वरच्या मजल्यावरून घरपोच बूट मागवू लागला. आणि योगायोग असा, की इमारतीतली लिफ्टही पुन्हा बिघडू लागली. मेकॅनिक येऊन गेला होता, बिल लावून गेला होता, तरीही ती दर गुरुवारी अडकायची. दर वेळी आत फिरमिन असायचा, ओडील असायचा आणि मॅडम झुल्मा असायच्या. फिरमिनला हे दैवी कृपेसारखं वाटलं. कृपेबद्दल चौकशी करू नये, एवढं त्याला कळत होतं.

दुसऱ्या वेळी बरीच मजा आली. फक्त मॅडम झुल्मा कचऱ्याची पिशवी टाकायला जांभळा कोट घालून, त्याला पिन लावून निघाल्या होत्या. तिसऱ्या वेळी ओडीलनं कॉन्सर्टिना ही भात्याची छोटी हातपेटी आणली होती आणि बोटीवरची गाणी म्हटली. चौथ्या वेळी त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त पोस्टमनलाही आत घेतलं. तो काहीच बोलला नाही. "नवीन आहे, रुळेल हळूहळू," ओडील म्हणाला.

फिरमिनला सगळ्यांत जास्त त्रास एका गोष्टीचा होऊ लागला. ओडील आता प्रत्येक गोष्टीवर "आमच्या बोटीवर असं कधी झालं नाही" म्हणायचा. लिफ्ट थांबली की म्हणायचा, कुणी शिंकलं की म्हणायचा, कॅप्टन भुंकला की म्हणायचा. आणि म्हणून झाल्यावर तो क्षणभर थांबून फिरमिनकडे बघायचा. हसायला जागा सोडायचा.

भाग लिहून होत होते. पण नोएलाच्या हातून शर्ट जळायचे थांबले. दुसऱ्या लिफ्टच्या रविवारी एक बाही पिवळी झाली होती. तिसऱ्या वेळी नुसता वास आला. चौथ्या रविवारी फिरमिनचे सगळे शर्ट कडक, शुभ्र, घडी घालून कपाटात गेले, आणि तो ते बघून सुन्न बसून राहिला.

पुढच्या गुरुवारी तो ओडीलला भेटायला जिन्यानंच वर निघाला. आज लिफ्टच नको, असं त्यानं ठरवलं होतं. पाचव्या मजल्यावर ओडील लिफ्टच्या दारात ओणवा झाला होता. त्याच्या हातात बोटीवरचं मोठं ओगराळं होतं, आणि त्याचा दांडा तो दाराच्या फटीत सारत होता.

"ओडील, हे काय करताय?"

"अडकवतोय," ओडील शांतपणे म्हणाला. "तू वर का आलास? खालून यायचं ठरलंय ना?"

"म्हणजे लिफ्ट बिघडलेली नाही?"

"ती कधीच दुरुस्त झाली. पहिली वेळ तेवढी खरी. पुढच्या सगळ्या माझ्या."

"आणि मॅडम झुल्मा?"

"त्यांना आधी कळवावं लागतं. तयार व्हायला वेळ लागतो त्यांना."

फिरमिन जिन्याच्या पायरीवर बसला. "ओडील, आमच्या मालिकेला इथवर यायला एकोणीस वर्षं लागली. तुम्ही एका महिन्यात पोचलात."

"म्हणजे पडतंय?"

"पडतंय."

"मलाही वाटलंच होतं." ओडीलनं ओगराळं खांद्यावर टाकलं. त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. मग तो हळूच म्हणाला, "पण मी एक उपाय काढलाय."

"काही नको."

"अरे ऐक तर. तुमची मालिका पडायला लागली की तुम्ही काय करायचात? मुलीचं लग्न लावायचात ना? तीनदा लावलंत. मी सगळी बघितलीयत."

"ओडील, नको."

"भागासाठी काहीही," असं म्हणून ओडीलनं त्याला दंडाला धरून लिफ्टमध्ये ढकललं.

सातव्या मजल्यावर मॅडम झुल्मा आत आल्या. जांभळा कोट, कडेवर कॅप्टन. लिफ्ट खाली निघाली आणि चौथ्या मजल्याच्या आसपास ओडीलनं ओगराळ्याचा दांडा फटीत खुपसून ती थांबवली. मग तो गुडघ्यावर बसला. जागा अपुरी होती, त्यामुळे गुडघा फिरमिनच्या बुटावर आला. खिशातून त्यानं पडद्याची पितळी कडी काढली.

"मॅडम झुल्मा," तो म्हणाला, "तुमच्यासाठी मी रोज स्वयंपाक करीन. माझ्याशी लग्न कराल का?"

मॅडम झुल्मांनी त्याच्याकडे पाहिलं. नेहमीसारखं टोमणा शोधत पाहिलं नाही. बराच वेळ पाहिलं. मग कॅप्टनला या हातातून त्या हातात घेतलं आणि म्हणाल्या, "हो."

नकार आला तर काय बोलायचं याचं एक झकास वाक्य ओडीलनं तयार ठेवलं होतं. होकारासाठी त्याच्याकडे काहीच नव्हतं. त्यानं फिरमिनकडे बघितलं. फिरमिननं छताकडे बघितलं. शेवटी काहीतरी हालचाल करायची म्हणून ओडीलनं ओगराळं ओढून काढायला घेतलं. दांडा आतल्या आत तुटला, वरून एक आचका आला, जळकट धूर आला, आणि दिवा विझला.

अग्निशामक दलाच्या लोकांनी त्यांना एकेक करून बाहेर ओढलं. मॅडम झुल्मांचा गुडघा दुखत होता, म्हणून दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून सातव्या मजल्यावर नेऊन सोडलं. नंतर लिफ्टचा माणूस आला, बघून गेला आणि म्हणाला, मोटर गेली, नवी इटलीहून येईल, इटलीला कळवलंय, पण इटलीच ती.

तोवर मॅडम झुल्मा सातव्या मजल्यावर अडकल्या. त्यांचा गुडघा तेवढे जिने उतरण्यातला नव्हता. पाव कोण आणणार, दूध कोण आणणार, कॅप्टनला दिवसातून तीनदा खाली कोण नेणार, यावर जिन्यात रहिवाशांची सभा भरली. सगळेजण आपापल्या पाठीच्या आणि दम्याच्या तक्रारी सांगू लागले. नोएला भाजीची पिशवी घेऊन वर चालली होती. ती न थांबता म्हणाली, "ओडीलना सांगा की. त्यांचीच होणारी बायको आहे." सभा तिथंच संपली.

त्या दुपारी ओडील फिरमिनकडे आला. त्याला धाप लागली होती आणि हातात कॅप्टनचा पट्टा होता.

"अरे, ते भागासाठी होतं!"

"मला माहीत आहे."

"मग त्यांना सांग ना!"

"लग्नाचं तुम्ही विचारलंत, ओडील. मी कसं सांगू?"

"बरं. उद्या पाव द्यायला जाईन तेव्हा सांगतो."

दुसऱ्या दिवशी तो सांगायला गेला आणि मटणाच्या रश्श्याचं भांडं घेऊन परतला. त्यांनी केला होता आणि मीठ कमी पडलं होतं, एवढंच तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी तो मीठ घेऊन सांगायला गेला. मग त्या पत्ते खेळत होत्या म्हणून सांगता आलं नाही. मग त्या हरल्या म्हणून सांगता आलं नाही. मग तो स्वतः हरला. "सगळा जन्म कॅप्टनच्या हाताखाली काढला," कुत्र्याला जिन्यावरून उतरवताना तो फिरमिनला म्हणाला, "आता म्हातारपणी कॅप्टनला खाली नेतोय." आणि हे बोलून तो थांबला नाही, फिरमिनकडे बघितलंही नाही. पहिल्या लिफ्टनंतर प्रथमच फिरमिनला त्याच्या बोलण्यावर आपसूक हसू आलं. ते लिहून घ्यावंसं मात्र त्याला वाटलं नाही.

मोसमाचा एकच भाग आता उरला होता. आनेलोरचा फोन आला.

"पुढे काय आहे? लिफ्टमध्ये पुढे काय झालं?"

"एकानं लग्नाची मागणी घातली."

"फिरमिन! हेच! मार्सेलच्या सासूला..."

"तो भाग मी लिहिणार नाही."

"का?"

लिफ्टचा दिवा विझायच्या आधी त्यानं मॅडम झुल्मांचा चेहरा पाहिला होता. एकोणीस वर्षांत त्यानं नऊ लग्नं लिहिली होती, आणि त्यांतल्या एकाही नवरीला असा चेहरा देणं त्याला सुचलं नव्हतं. तो फक्त म्हणाला, "ते माझं नाही."

शेवटच्या भागात त्यानं मार्सेलच्या दुकानात एक म्हातारं गिऱ्हाईक आणलं. ते बूट घालून बघतं, बूट बसतो, ते पैसे देतं आणि जातं. मार्सेल काहीच बोलत नाही. भाग बरा झाला, पण बघणारे फारसे नव्हते. आनेलोरनं सांगितल्याप्रमाणे स्वतः केक आणला. मालिकेचं पूर्ण नाव त्यावर मावलं नव्हतं. 'दोन नंबर' एवढंच आलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि उभ्याउभ्या केक खाल्ला.

घरी आल्यावर फिरमिन आधी ओडीलकडे गेला.

"संपलं, ओडील. मालिका बंद."

"म्हणजे आता भागच नाही?"

"नाही. आता मागणीला काही कारण उरलं नाही. तुम्ही सुटलात. आज सांगून टाका त्यांना."

ओडील खुर्चीत बसला, पुन्हा उठला, केस पाण्यानं चापून बसवले आणि म्हणाला, "आजच सांगतो." तो दोन मजले चढून गेला. फिरमिन खाली आपल्या मजल्याकडे निघाला. वरून मॅडम झुल्मांचा आवाज जिन्यात घुमला, "ओडील, पाय पुसून ये रे आत." फिरमिन पायरीवर थबकला. इतकी वर्षं या इमारतीत मॅडम झुल्मा अख्ख्या जगाला 'तुम्ही' म्हणत होत्या. कुत्रा सोडून.

ओडील उशिरा परतला. काय झालं हे त्यानं सांगितलं नाही आणि फिरमिननं विचारलं नाही. त्यानंतर 'भागासाठी' हा शब्द ओडीलच्या तोंडून गेला. इटलीहून मोटर आली, लिफ्ट सुरू झाली, तरी तो सातव्या मजल्यावर जातच राहिला. मग एकदा तो दारात येऊन म्हणाला, "साक्षीदार लागतात. तू आणि नोएला याल का?"

नगरपालिकेच्या विवाह सभागृहात त्या दिवशी ऊन आलं होतं. मॅडम झुल्मांनी नवा कोट घेतला होता, हिरवा. ओडीलचा कोट तंग होता आणि तो श्वास जपून घेत होता. कॅप्टनला आत घ्यायचं की नाही यावर दारात थोडी चर्चा झाली आणि कॅप्टन आत आला. कमरेला देशाच्या झेंड्याच्या रंगांचा तिरंगी पट्टा बांधलेल्या तरुण अधिकारी बाईंनी कायद्यातली कलमं वाचली आणि ओडीलला विचारलं. ओडील "हो" म्हणाला. पुढे काही जोडलं नाही.

मग त्यांनी मॅडम झुल्मांना विचारलं.

"थांबा," मॅडम झुल्मा म्हणाल्या. "आधी मला यांना एक विचारायचंय."

अधिकारी बाईंनी कागद खाली ठेवला. नोएलानं फिरमिनचा हात धरला. ओडीलच्या कपाळावर घाम आला.

"ओडील, खरं सांग. हे भागासाठी आहे का?"

"नाही," ओडील म्हणाला. "मालिका बंद झाली, झुल्मा."

"नक्की?" त्या फिरमिनकडे वळल्या. "फिरमिन, तुम्ही सांगा. नक्की बंद झाली?"

सभागृहातल्या सगळ्या माना फिरमिनकडे वळल्या. "बंद झाली," तो म्हणाला. हे दोन शब्द त्याला अजून चारचौघांत मोठ्यानं सांगावे लागले नव्हते. वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपे गेले.

"मग हो," मॅडम झुल्मा म्हणाल्या.

नोएलानं डोळे पुसले. कॅप्टन भुंकला. अधिकारी बाईंनी नोंदवही पुढे सरकवली, पण त्यांना राहवलं नाही.

"माफ करा हं, कुठली मालिका?"

"'दोन नंबर मोठा'," नोएला म्हणाली.

"अरेच्चा!" त्या बाई म्हणाल्या. "ती अजून चालू होती?"

फिरमिननं त्यांच्याकडून पेन मागून घेतलं आणि साक्षीदाराच्या जागी सही केली.